रवा धरतो तेव्हा नेमके काय घडते?

तूप कढवून झाले की घरातली जाणती माणसे ते लगेच फ्रिजमध्ये ठेवू देत नाहीत. पातेले ओट्यावरच राहते आणि तूप सावकाश निवते. असे निवलेले तूप छान रवाळ होते. घाईने गार केलेले मात्र मेणासारखे गुळगुळीत थिजते. खडीसाखरेचेही तसेच. घट्ट पाकात दोरा सोडून भांडे न हलवता ठेवले, तर काही दिवसांत दोऱ्यावर मोठे पैलूदार खडे धरतात. तोच पाक आचेवरून उतरवून घोटत राहिले, तर त्याची बारीक भुरभुरीत साखर होते. जिन्नस तोच, पण रवा कसा धरला यावर त्याचे रूप ठरते.

या रव्याला शास्त्रात स्फटिक म्हणतात. ज्या पदार्थात अणू किंवा रेणू ठरावीक अंतरावर, ठरावीक दिशेने, रांगेत बसलेले असतात तो स्फटिक. मीठ, साखर, तुरटी आणि हिरा हे तर आपल्या ओळखीचे स्फटिक. पण सोने, लोखंड, प्लॅटिनम हे धातूही आतून स्फटिकच असतात.

मग पाकातला पहिला रवा धरतो कसा? सैरावैरा फिरणाऱ्या असंख्य रेणूंपैकी पहिले काही रेणू एकमेकांना धरून रांगेत उभे राहतात, त्या क्षणी तिथे काय घडते? आणि मग तो कण वाढतो कसा? शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ हे प्रश्न विचारत आले आणि त्यांची उत्तरे बहुतांशी तर्काने देत आले. गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय झाली आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. पण जेवढे वाचले आणि समजले, तेवढे साध्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

हा प्रश्न स्वयंपाकघरापुरता नाही

एचआयव्हीच्या उपचारासाठी १९९६ साली रिटोनाविर नावाचे औषध बाजारात आले. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये एक नवाच स्फटिक दिसू लागला. रेणू तोच, रासायनिक सूत्र तेच. फक्त रेणूंची रांग लागण्याची पद्धत निराळी. हा नवा स्फटिक आधीच्यापेक्षा फारच कमी विरघळत होता, आणि जे औषध पोटात विरघळत नाही ते असून नसल्यासारखे. कॅप्सूलची विक्री थांबवावी लागली. अनेक रुग्णांना चवीला अत्यंत वाईट असलेल्या द्रवरूप औषधावर दिवस काढावे लागले. पुढे नव्या पद्धतीची, फ्रिजमध्ये ठेवावी लागणारी कॅप्सूल तयार झाली तेव्हा हा पेच सुटला. एक अनपेक्षित रवा धरला, त्याची ही किंमत.

दुसरे उदाहरण घराघरातले. हल्ली काही टीव्हींच्या जाहिरातीत ‘क्वांटम डॉट’ हा शब्द असतो. हे डॉट म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिक. त्यांचा रंग आकारमानावर ठरतो: कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे दोन नॅनोमीटरचा कण निळसर प्रकाश देतो, तर सहा नॅनोमीटरचा लाल. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. म्हणजे शुद्ध रंग हवा असेल तर कोट्यवधी कण एकाच मापाचे वाढवता आले पाहिजेत. या क्षेत्रातल्या कामासाठी मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातल्या बावेंडी यांचे मोठे काम हेच, की १९९३ साली त्यांनी जवळजवळ एकसारखे कण बनवण्याची कृती दिली.

तिसरे उदाहरण प्लॅटिनमचे. मोटारीच्या धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणाऱ्या यंत्रणेत आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटात हा धातू वापरतात. त्याचे काम फक्त पृष्ठभागावर चालते; कणाच्या पोटातले अणू बसून पगार खातात म्हणा ना! धातू इतका महाग, की कण किती लहान आणि कोणत्या आकाराचा असावा याला फार महत्त्व येते.

आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक

इतकी वर्षे अडचण कोणती होती ते आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. समजा, एखाद्या खात्याची एक एप्रिलची शिल्लक आपल्याला ठाऊक आहे आणि एकतीस मार्चची ठाऊक आहे, पण मधले पासबुक हरवले आहे. पैसे वाढले हे कळते. पण दर महिन्याला थोडे थोडे जमा झाले, की एकदम मोठी रक्कम आली, की मध्ये काढले आणि पुन्हा भरले, हे काही कळत नाही. अखेरची शिल्लक तीनही प्रकारांत सारखीच असू शकते.

स्फटिकांचे नेमके हेच झाले होते. सुरुवातीचे द्रावण माहीत, शेवटी तयार झालेले कण वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले. मधला सगळा प्रवास अंदाजाने भरलेला. हे अंदाज हुशार होते, यात शंका नाही. विल्हेल्म ऑस्टवाल्ड या जर्मन रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले होते, की द्रावणात लहान कण विरघळतात आणि त्यांचा माल मोठ्या कणांवर जाऊन बसतो. १९५० साली व्हिक्टर लामेर आणि त्यांचे सहकारी यांनी मांडले, की आधी एकदम पुष्कळ बीजकण तयार होतात आणि मग ते सारे एकेक अणू घेत सावकाश वाढतात. सर्वांची सुरुवात एकाच वेळी झाल्यामुळे मापही सारखे निघते. पाठ्यपुस्तकांत हेच चित्र रूढ झाले.

पाणी निर्वातात न्यायचे कसे?

साध्या सूक्ष्मदर्शकातून हा प्रवास दिसणे शक्यच नव्हते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, आणि त्यापेक्षा फार लहान वस्तू प्रकाशाने स्पष्ट दिसत नाही. जाड खडूने पोस्टकार्डावर बारीक अक्षर काढता येत नाही, तसेच हे.

इलेक्ट्रॉनची गोष्ट वेगळी. दोन लाख व्होल्टच्या विद्युतदाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी फक्त ०.००२५ नॅनोमीटर असते. अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नॉल यांनी १९३१ साली बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची पहिली आवृत्ती उभी केली. रुस्का यांना त्यासाठी नोबेल मिळाले ते १९८६ मध्ये, तब्बल ५५ वर्षांनी! तोवर या यंत्राने विषाणूंपासून अणूंच्या रांगांपर्यंत खूप काही दाखवले होते.

पण एक मेख होती. इलेक्ट्रॉनचा झोत हवेत विखुरतो, म्हणून यंत्राच्या नळीत निर्वात ठेवावा लागतो. निर्वातात पाण्याचा थेंब ठेवला तर तो क्षणात उडून जातो. म्हणजे पाहायचे ते वाळवून, गोठवून किंवा पातळ काप काढून. थोडक्यात, घटना संपल्यावर. स्फटिक तर वाढतो द्रवात.

यावर निघालेला उपाय ऐकायला साधा आहे. सिलिकॉनच्या दोन छोट्या चकत्या घ्यायच्या. प्रत्येकीच्या मध्यभागी सिलिकॉन नायट्राइड या मजबूत पदार्थाची, काही दहा नॅनोमीटर जाडीची खिडकी ठेवायची. दोन्ही खिडक्या समोरासमोर आणून मध्ये द्रवाचा अतिशय पातळ थर भरायचा आणि कडा घट्ट बंद करायच्या. इलेक्ट्रॉन एका खिडकीतून शिरतात, द्रवातून जातात आणि दुसरीतून बाहेर पडतात. द्रव मात्र आत सुरक्षित राहतो. २००३ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच बंद डबीत विजेच्या साहाय्याने तांब्याचे सूक्ष्म कण एकेक करून उगवताना दाखवले. द्रवातली वाढ घडत असतानाच तिचे चित्रण होऊ शकते, हे सिद्ध झाले.

मागे राहिलेले कण बरोबरीला कसे आले?

२००९ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत हैमेई झेंग, पॉल अलिविसाटोस आणि सहकाऱ्यांनी ही डबी प्लॅटिनमसाठी वापरली. प्लॅटिनमचे एक संयुग सेंद्रिय द्रवात विरघळवले आणि ते इलेक्ट्रॉनच्या झोताखाली ठेवले. झोताच्या ऊर्जेने संयुगातून प्लॅटिनमचे अणू सुटे होऊ लागले आणि पडद्यावर काळे ठिपके उमटू लागले. हे ठिपके म्हणजे एकेक स्फटिक, दोन-तीन नॅनोमीटरचे. तीन नॅनोमीटरच्या कणात प्लॅटिनमचे जेमतेम नऊशे-हजार अणू असतात.

आता प्रत्येक ठिपक्याचे स्वतंत्र पासबुक हातात आले होते. त्यातल्या नोंदी पाठ्यपुस्तकाशी पूर्णपणे जुळत नव्हत्या. काही कण अपेक्षेप्रमाणे एकेक अणू घेत सावकाश वाढत होते. दुसरे काही मात्र शेजारच्या कणाला भिडून त्याच्याशी एकजीव होत होते आणि एकदम मोठे होत होते. गंमत पुढेच आहे. दोन कणांचा एक झाला की तो काही काळ वाढायचाच थांबे. जोडकण आधी वेडावाकडा असे. आतल्या अणूंची मांडणी नीट होऊन तो पुन्हा गोल होईपर्यंत त्याची वाढ खोळंबे. तेवढ्या अवधीत एकेकटे वाढणारे कण त्याला गाठत. सुरुवातीला मापांत बरीच तफावत होती, ती शेवटी जवळजवळ नाहीशी झाली.

म्हणजे सगळे कण सारख्या मापाचे निघाले, तरी सगळे एकाच वाटेने आले नव्हते. अखेरच्या शिल्लकेवरून आधीच्या नोंदी ओळखता येत नाहीत, याचा इतका लख्ख पुरावा दुसरा नसेल. ज्यांना एकसारखे कण बनवायचे आहेत त्यांच्यासाठी याचा अर्थ असा, की केवळ सुरुवात एकाच वेळी करून भागत नाही. मधल्या काळात कण एकमेकांना भिडतात की नाही, यावरही लक्ष हवे.

जुळेपर्यंत वळत राहणारे कण

कण एकमेकांना चिकटतात, पण कसेही चिकटतात का? २०१२ मध्ये याचे एक सुरेख उत्तर मिळाले. डोंगशेंग ली, जिम डी योरेओ आणि सहकाऱ्यांनी लोहाच्या एका ऑक्साइडवर्गीय खनिजाचे कण पाण्यात पाहिले. दोन कण जवळ येत, पण लगेच जुळत नसत. ते एकमेकांशेजारी वळत, हलत, पुन्हा वळत. दोघांतल्या अणूंच्या रांगा एका सरळ रेषेत आल्या की उरलेले एक नॅनोमीटरहूनही कमी अंतर झटकन उडी मारल्यासारखे पार करून ते जुळत. त्यानंतर सांध्याच्या बाजूची खाच एकेक अणूने भरून येई.

फरशी बसवणारा कारागीर नक्षी जुळेपर्यंत फरशी फिरवत राहतो आणि मगच ठोकून बसवतो. इथे मात्र कारागीर कोणी नाही; कणांमधले आकर्षणच दिशा ओळखते. त्याच वर्षी आणखी एक सुधारणा झाली. सिलिकॉन नायट्राइडच्या खिडकीऐवजी ग्राफीनचे, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीचे, दोन पापुद्रे घेऊन त्यांत द्रवाचा बुडबुडा बंद करण्यात आला. काच पातळ झाली तसे चित्र स्वच्छ झाले आणि द्रवातल्या कणातले अणूही वेगवेगळे ओळखू येऊ लागले.

घन आकार येतो कुठून?

प्लॅटिनमचे कण काही वेळा नीट घनाकृती होतात, लुडोच्या फाशासारखे. का? जुना नियम सांगत असे, की स्फटिक असा आकार घेतो ज्यात पृष्ठभागाची एकूण ऊर्जा कमीत कमी राहील. २०१४ साली झेंग यांच्याच गटाने अशा घनाची वाढ पाहिली, तेव्हा वेगळीच हकीकत दिसली. सुरुवातीला सर्व बाजू सारख्याच वेगाने वाढत होत्या. मग घनाच्या सहा सपाट बाजू वाढायच्या थांबल्या. कडा मात्र भरत राहिल्या, आणि सर्वांत शेवटी कोपरे भरून आले, तेव्हा पूर्ण घन तयार झाला.

बाजू का थांबल्या, याचे कारण गणिताने शोधले गेले. अशा द्रावणात ओलिअमीन नावाचे शेपटीवाले रेणू घातलेले असतात. ते कणावर जाऊन बसतात आणि त्याला आच्छादतात. नवा अणू बसायचा तर या रेणूंनी थोडे सरकून जागा द्यावी लागते. त्या सहा बाजूंवर हे रेणू घट्ट बसून राहतात, सरकत नाहीत. गाडीत खिडकीजवळ बसलेला उतारू जसा हलायला तयार नसतो, तसेच. म्हणून तिथे नवा अणू येऊ शकत नाही. या मापाच्या जगात जुना नियम सरसकट लागू पडत नाही, हे यातून दिसले. आणि आच्छादन करणारा रेणू बदलून आकार बदलता येईल, अशी व्यवहाराची वाटही दिसली.

मिठाचा पहिला क्षण

वाढीचे बरेचसे कळले, पण जन्माचे काय? तो टिपणे सर्वांत अवघड, कारण पहिला रवा कुठे आणि कधी धरेल हे आधी सांगता येत नाही. टोकियो विद्यापीठातल्या एइइची नाकामुरा, कोजी हारानो आणि सहकाऱ्यांनी यासाठी जागाच अरुंद करून टाकली. कार्बनची, शंकूसारखी निमुळती होत जाणारी अतिसूक्ष्म नळी घेऊन तिच्यात साधे मीठ भरले. आता रवा धरला तर त्या टोकातच धरणार. कॅमेरा तिथे रोखला, सेकंदाला २५ चित्रांच्या वेगाने.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चित्रणात दिसते ते असे: मिठाचे कण आधी आकारहीन घोळक्यात असतात. घोळका मध्येच थोडा शिस्तीत येतो, पुन्हा विस्कटतो, पुन्हा शिस्तीत येतो. असे होता होता एका क्षणी अचानक पक्की चौकोनी रांग लागते आणि स्फटिक जन्माला येतो. एकाच नळीत हा जन्म त्यांनी नऊ वेळा टिपला. त्याच वर्षी ग्राफीनवर वाढणाऱ्या सोन्याच्या कणांवरही असेच दिसले. इवलासा कण रांगेत येतो, मोडतो, परत येतो. मोठा होत जातो तशी त्याची शिस्त अधिक काळ टिकते. पहिला रवा एका दमात धरत नाही, पुष्कळदा मोडून मग धरतो, असे ही दोन्ही चित्रणे सांगतात.

तपासनीस समोर असताना

एक शंका कोणाच्याही मनात यावी. पाहण्यासाठी वापरलेला झोतच जर द्रवात रसायनक्रिया घडवत असेल, तर आपण पाहतो ते खरे की पाहण्यामुळे घडलेले? शंका रास्त आहे. बँकेत आम्ही नेहमी पाहिले, की तपासनीस येणार म्हटले की टेबलावरच्या फायली आपोआप जागेवर जातात. त्याला दिसते ती शाखा आणि एरवीची शाखा यांत थोडा फरक असतोच.

इलेक्ट्रॉनच्या झोताने पाण्याचे रेणू फुटतात, अतिशय क्रियाशील तुकडे तयार होतात, कधी हायड्रोजनचे बुडबुडे येतात. प्लॅटिनमच्या प्रयोगात तर वाढीला सुरुवातच झोताने होते. शिवाय द्रवाचा थर इतका पातळ, की कण खिडकीला चिकटून मोकळ्या द्रवापेक्षा मंद हलतात.

याबाबत शास्त्रज्ञांनी डोळेझाक केली नाही, हे आम्हाला विशेष वाटते. ते झोत मंद-तीव्र करून वाढीचा वेग कसा बदलतो ते मोजतात. डबीतल्या ज्या भागावर झोत पडलाच नाही, तिथे काय झाले ते नंतर तपासतात. नेहमीच्या काचपात्रात बनवलेल्या कणांशी डबीतल्या कणांची तुलना करतात. हिशेब दोन बाजूंनी जुळला तरच नोंद पक्की, ही आमच्या धंद्यातली शिस्त इथेही तितक्याच काटेकोरपणे पाळली जाते.

याच पद्धतीने आज लिथियम बॅटरीत वाढणारे धातूचे काटे पाहिले जातात. हे काटे वाढून पलीकडच्या टोकाला लागले, तर बॅटरी आतल्या आत जोडली जाऊन पेट घेऊ शकते. चुनखडीचा मुख्य घटक असलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा पहिला रवाही २०१४ मध्ये असाच पाहिला गेला. तो कधी थेट स्फटिक म्हणून येतो, तर कधी आधी आकारहीन गोळा होऊन मग स्फटिक होतो. एकाच डबीत दोन्ही वाटा चालू होत्या. औषधांच्या मोठ्या, नाजूक रेणूंपुढे मात्र झोताची अडचण अधिक आहे. ते रेणू मार सहन करत नाहीत. रिटोनाविरसारखा अनपेक्षित रवा जन्मतानाच पकडणे हे काम अजून पुढचे आहे.

या प्रयोगांच्या चित्रफिती शोधनिबंधांसोबत इंटरनेटवर पाहायला मिळतात. शाळेत विज्ञान शिकणारी नातवंडे घरी असतील तर त्यांच्यासोबत जरूर पाहा. करड्या पडद्यावर काळे ठिपके हलताना दिसतील, बाकी काही नाही. पण त्यातला एखादा ठिपका निवडून शेवटपर्यंत त्याच्यावरच नजर ठेवा. तो एकटा वाढला की दुसऱ्यात मिसळला, मध्ये थांबला का आणि किती वेळ, हे मुलांना वहीत लिहायला सांगा. बर्कलीतल्या मंडळींनी मुळात हेच केले होते.